भिंतीवरचा जगाचा नकाशा घरच्या घरी कसा तपासायचा

खानापूर तालुक्यातल्या एका मराठी शाळेत मी भूगोल शिकवायचो. वर्गात टांगलेल्या जगाच्या नकाशावर नावं कन्नडमध्ये होती, त्यामुळे मुलं नावं वाचण्यापेक्षा आकारच जास्त बघायची. आठवीतला एक मुलगा एकदा उठून नकाशाजवळ गेला. त्याने पंजा पसरून ऑस्ट्रेलियावर ठेवला, तो जेमतेम झाकला गेला. मग तोच पंजा ग्रीनलँडवर ठेवला, तर ग्रीनलँड चारी बाजूंनी बाहेर आला. "सर, हे एवढं थोरलं असून बेट, आणि ते एवढुसं असून खंड? छापताना उलटं झालंय काय?"

ऑस्ट्रेलियाचं क्षेत्रफळ सुमारे ७७ लाख चौरस किलोमीटर, ग्रीनलँडचं साधारण २१.७ लाख. म्हणजे ऑस्ट्रेलिया साडेतीन पट मोठा. आफ्रिका तर ३ कोटी चौरस किलोमीटरच्या वर, ग्रीनलँडच्या चौदा पट. आकडे मला पाठ होते. पण आकडे सांगून त्या पोराचं समाधान होणार नव्हतं, कारण त्याने डोळ्यांनी पाहिलं होतं. शिवाय मी स्वतः त्याच नकाशावर फूटपट्टी ठेवून मुलांना कितीतरी वर्षं शहरांमधली अंतरं काढायला लावत होतो. ती सगळी उत्तरं चुकीची होती, हे त्या दिवशी घरी जाताना बसमध्ये लक्षात आलं.

आमच्या सीमाभागात नकाशा उलगडला की पहिलं बोट रेषेवर जातं. निपाणी कुठल्या बाजूला, खानापूर कुठल्या बाजूला. रेषेवरून भांडणारे आम्ही, पण आकाराकडे सहसा कुणी बघत नाही. म्हणून हा खटाटोप. एक मोसंबी, बटर पेपर, ग्राफ पेपर, दोरा, मोबाईलमधला कॅल्क्युलेटर आणि जमलं तर शाळेतला पृथ्वीगोल, एवढ्यावर भागतं.

आधी मोसंबी

मोसंबीवर बॉलपेनने मधोमध एक आडवी रेषा काढा, हे विषुववृत्त. त्यावर अंदाजाने आफ्रिका, आणि वरच्या देठाजवळ ग्रीनलँड. आता देठापासून उभ्या चिरा देऊन साल शक्य तितकी अखंड काढा आणि पाटावर दाबून सपाट करा. मधला भाग बरा बसतो, देठाकडचा फाटतो. फाटू द्यायचं नसेल तर ताणावं लागेल, आणि सालीला ताण सोसत नाही.

बेळगावच्या वाचकांना मोसंबीचीही गरज नाही. पालथ्या कढईवर भाजलेला मांडा आठवा. त्याने कढईचा घुमट घेतलेला असतो. गरम असताना घडी घातली तर सुरकुत्या पडतात, गार झाल्यावर घातली तर चुरा होतो. सुरकुती, चुरा किंवा ताण, यातलं काहीतरी पत्करल्याशिवाय तो सपाट होत नाही. जर्मन गणिती गाउस याने १८२७ मध्ये जे सिद्ध केलं त्यातून हेच निघतं: गोलाचा पृष्ठभाग सगळी मापं जशीच्या तशी राखून सपाट करता येत नाही. गोलावरचं जाळं कागदावर उतरवण्याच्या रीतीला आपण प्रक्षेपण म्हणतो, आणि प्रत्येक प्रक्षेपण क्षेत्रफळ, आकार, अंतर यातलं काही राखतं, काही सोडतं.

नकाशा कुठल्या जातीचा, ते ओळखा

कोपऱ्यात प्रक्षेपणाचं नाव छापलेलं असेल तर प्रश्न मिटला. स्वस्तातल्या तक्त्यांवर ते बहुधा नसतं. मग फूटपट्टी घ्या आणि दोनच मापं घ्या: विषुववृत्तापासून १५ अंशाच्या अक्षवृत्तापर्यंतचं अंतर, आणि ६० पासून ७५ पर्यंतचं. गोलावर ही दोन्ही अंतरं जवळपास सारखीच.

वरचं अंतर खालच्याच्या पावणेतीन पट भरलं आणि उभ्या-आडव्या सगळ्या रेषा सरळ असतील, तर तो मर्केटर. दोन्ही अंतरं सारखी आणि रेषा सरळ असतील तर तो साधा चौकटींचा नकाशा. काढायला सर्वांत सोपा, बाकी कशातच धड नाही. रेषा सरळ पण वरचं अंतर खालच्याच्या निम्म्याहूनही कमी असेल तर तो समक्षेत्र जातीचा, म्हणजे क्षेत्रफळाचं प्रमाण खरं राखणारा, बहुधा गॉल-पीटर्स. आणि रेखावृत्तं कडेला कमानीसारखी वाकलेली असतील तर रॉबिन्सन, विंकेल ट्रिपेल, मोलवाइड किंवा इक्वल अर्थ यांपैकी एखादा. त्यात ध्रुव टोकदार बिंदू असेल आणि सगळा नकाशा लंबगोल असेल तर मोलवाइड, १८०५ सालचा. बाकीच्या तिघांत ध्रुव आडव्या रेषेसारखा किंवा हलक्या कमानीसारखा दिसतो, आणि नुसत्या नजरेने त्यांच्यात फरक करणं मलाही दरवेळी जमत नाही.

किती फुगलंय, ते मोजा

सगळ्यात मजेचा भाग हाच. मर्केटरमध्ये पृथ्वीवरचं प्रत्येक अक्षवृत्त विषुववृत्ताएवढंच लांब काढलेलं असतं. प्रत्यक्षात ६० अंशावरचं वर्तुळ विषुववृत्ताच्या निम्मं असतं. ते ताणून दुप्पट केलं की तिथले देश आडवे होऊन बसतील, म्हणून मर्केटर उभाही तेवढाच ताण देतो. आडवं दुप्पट, उभं दुप्पट, म्हणजे क्षेत्रफळ चौपट.

कुठल्याही ठिकाणची चूक काढायची तर तिथल्या अक्षांशाचं कोसाईन घ्या आणि त्याचा वर्ग करा. मोबाईल आडवा धरला की कॅल्क्युलेटरवर 'कॉस'चं बटण येतं. आधी ६० घालून बघा. ०.५ आलं पाहिजे; उणे ०.९५ आलं तर तो रेडियनमध्ये आहे, अंशांवर आणा. (याच्यापायी माझा एक अख्खा तास वाया गेला आहे.)

वर्ग केलेल्या संख्या अशा येतात: १५ अंशाला ०.९३, ३० ला ०.७५, ४५ ला ०.५०, ६० ला ०.२५, ६५ ला ०.१८, ७० ला ०.१२, ७५ ला ०.०७ आणि ८० ला ०.०३. नकाशावर मोजलेलं क्षेत्रफळ या संख्येने गुणलं की खरं प्रमाण हाती येतं. ८० अंशाजवळचा भाग नकाशावर ३३ पट फुगलेला असतो, तर आपलं बेळगाव १५.८५ अंशावर, म्हणजे इथली फूग जेमतेम ८ टक्के.

आता प्रत्यक्ष करून बघू. विषुववृत्त एक मीटर रुंद छापलेला भिंतीवरचा मर्केटर नकाशा घ्या. त्यावर बटर पेपर ठेवून कर्नाटक आणि आइसलँड यांच्या कडा गिरवा. मग तो बटर पेपर मिलिमीटरच्या ग्राफ पेपरवर ठेवून चौकोन मोजा. अर्ध्याहून जास्त भरलेला चौकोन पूर्ण धरायचा, कमी भरलेला सोडायचा. नकाशा नीट छापलेला असेल तर कर्नाटक १२८ चौकोनांच्या आसपास येईल आणि आइसलँड ३६० च्या. पाच-दहा इकडे-तिकडे चालतं, पेन्सिलच्या रेघेची जाडीच तेवढी असते. म्हणजे नकाशा म्हणतो, आइसलँड कर्नाटकाच्या जवळजवळ तिप्पट.

आता गुणा. कर्नाटक साधारण १५ अंशावर, १२८ गुणिले ०.९३, झाले ११९. आइसलँड ६५ अंशावर, ३६० गुणिले ०.१८, झाले सुमारे ६५. या आकाराच्या नकाशावर विषुववृत्ताजवळचा एक चौरस मिलिमीटर म्हणजे सुमारे १,६०० चौरस किलोमीटर. तो हिशेब लावला की कर्नाटक १.९ लाखांच्या आसपास आणि आइसलँड एक लाखाच्या थोडं वर येतं. कर्नाटकाचं नोंदलेलं क्षेत्रफळ १,९१,७९१ चौरस किलोमीटर, आइसलँडचं सुमारे १,०३,०००. तिप्पट दिसणारा देश निघाला निम्म्याच्या किंचित वर.

ज्यांना महाराष्ट्र जवळचा वाटतो त्यांनी तोच खेळ फिनलंडशी लावावा. फिनलंड ३.३८ लाख, महाराष्ट्र ३.०८ लाख, तसं पाहिलं तर बरोबरीचे. मर्केटरवर मात्र फिनलंड महाराष्ट्राच्या पाच पट ऐसपैस पसरलेला असतो.

एक सावधगिरी. ग्रीनलँड, रशिया किंवा कॅनडा असे उभे पसरलेले देश एकाच अक्षांशाने गुणू नका. दहा-दहा अंशांचे पट्टे पाडा, प्रत्येक पट्ट्याचे चौकोन वेगळे मोजा, पट्ट्याच्या मधल्या अक्षांशाने गुणा आणि मग बेरीज करा. ग्रीनलँड ६० पासून ८३ अंशांपलीकडे गेलेला आहे. त्याचा वरचा पट्टा नकाशावर सगळ्यात रुंद आणि प्रत्यक्षात सगळ्यात फसवा. बेरीज झाली की भारत, ३२.८७ लाख, ग्रीनलँडच्या दीडपट निघतो. हे सांगितल्यावर वर्गात दरवेळी थोडा गलका होतो, आणि तो होऊ द्यावा.

हा गुणाकार फक्त मर्केटरला लागू आहे. रॉबिन्सनला लावलात तर उत्तर भलतंच येईल.

मर्केटरला शिव्या देण्याआधी

गेरार्डस मर्केटर याने हा नकाशा १५६९ साली काढला, अठरा कागद जोडून, दर्यावर्दी लोकांसाठी. होकायंत्राची एकच दिशा धरून जहाज हाकलं तर त्याची वाट या नकाशावर सरळ रेषा येते. बंदरापासून बंदरापर्यंत पट्टी ठेवायची, कोन मोजायचा, सुकाणू धरायचं. हे साधायचं तर वरवर जाताना ताण वाढवत नेण्याला पर्यायच नव्हता. त्याचं चोख गणिती कोष्टक तर एडवर्ड राइट या इंग्रजाने १५९९ मध्ये छापलं. त्यामुळे युरोप मोठा दिसावा म्हणून हा कट रचला, असं जे हल्ली ठोकून सांगितलं जातं ते मला पटत नाही. समुद्रातलं हत्यार वर्गाच्या भिंतीवर टांगलं, चूक टांगणाऱ्याची.

तुमच्या मोबाईलमधला नकाशाही याच वळणाचा आहे, आणि तो असाच हवा. मर्केटर कोन राखतो. खडेबाजारातून काटकोनात वळणारी गल्ली पडद्यावरही काटकोनातच वळते. समक्षेत्र नकाशा वापरला असता तर तीच गल्ली तिरकी दिसली असती. पण प्रमाणपट्टीवर लक्ष ठेवा. संगणकावर ओपनस्ट्रीटमॅप हा इंटरनेटवरचा नकाशा उघडा, बेळगाव मध्यभागी आणा, कोपऱ्यातली पट्टी किती किलोमीटरची आहे ते बघून ठेवा. मग झूम अजिबात न बदलता नकाशा सरकवत नॉर्वेपर्यंत न्या. तेवढ्याच लांबीची पट्टी आता जवळपास निम्मेच किलोमीटर दाखवेल. भिंतीवरच्या नकाशाची छापील पट्टी बिचारी अशी बदलू शकत नाही, आणि तिथेच मी मुलांना फूटपट्टी ठेवायला लावत होतो.

गावापुरत्या नकाशात हा घोळ नसतो. भारतीय सर्वेक्षण विभागाची जुनी नकाशा-पत्रकं बघा: बेळगाव ४८-आय या गटात, निपाणी ४७-एल मध्ये, कारण १६ अंशांचं अक्षवृत्त दोघांच्या मधून जातं. अशा पत्रकावर येळ्ळूर ते राजहंसगड बेलाशक फूटपट्टीने मोजा.

दोऱ्याने वाट काढा

३० सेंटिमीटर व्यासाच्या पृथ्वीगोलावर एक सेंटिमीटर दोरा म्हणजे सुमारे ४२५ किलोमीटर. दोऱ्याचं एक टोक बंगळूरवर दाबा, दुसरं सॅन फ्रान्सिस्कोवर, आणि दोरा घट्ट ओढा. ढिला राहिला तर काहीच कळत नाही. घट्ट झाला की तो आपोआप वर सरकून उत्तर ध्रुवाच्या अंगाने जातो आणि सुमारे ३३ सेंटिमीटर भरतो, म्हणजे १४,००० किलोमीटर. भिंतीवरच्या नकाशात मात्र हीच दोन शहरं अटलांटिक ओलांडून सरळ आडवी जोडावीशी वाटतात. जानेवारी २०२१ मध्ये एअर इंडियाच्या महिला वैमानिकांनी सॅन फ्रान्सिस्कोहून बंगळूरला विमान आणलं ते उत्तर ध्रुवावरून. मर्केटरवर ती वाट दाखवताच येत नाही, कारण त्यात ध्रुव बसतच नाही. तो अनंतावर असतो. छापणारे नकाशा ८० किंवा ८५ अंशांवर कापून मोकळे होतात.

स्वतः दोन नकाशे काढा

पाहण्यापेक्षा काढण्यातून जास्त समजतं. ए-फोर ग्राफ पेपर आडवा घ्या. मधोमध २४ सेंटिमीटरची रेषा, हे विषुववृत्त. दर सेंटिमीटरला एक उभी रेषा, म्हणजे १५ रेखांश.

पहिल्या कागदावर विषुववृत्तापासून वर आणि खाली या उंचीवर आडव्या रेषा मारा: १५ अंश १.० सेंटिमीटर, ३० अंश २.१, ४५ अंश ३.४, ६० अंश ५.०, ७५ अंश ७.७. हा मर्केटर.

दुसऱ्यावर: १५ अंश १.०, ३० अंश १.९, ४५ अंश २.७, ६० अंश ३.३, ७५ अंश ३.७, आणि ध्रुव ३.८. हा समक्षेत्र. गोलाला नेमकी बसणारी नळकांडी घातली तर गोलाचं आणि नळकांडीच्या बाजूचं क्षेत्रफळ सारखं असतं, हे आर्किमिडीजचं. या उंच्या तिथूनच येतात, अक्षांशाच्या साईनवरून.

दोन्ही जाळ्यांवर पृथ्वीगोलातले अक्षांश-रेखांश बघून किनाऱ्याचे ठिपके मांडा आणि जोडा. ऑस्ट्रेलियाला वीसेक ठिपके पुरतात, भारताला तेवढेच. ग्रीनलँड शेवटी करा. पहिल्या कागदावर तो वर पसरतो, दुसऱ्यावर पापडासारखा चेपतो. ६० ते ७५ या पट्ट्यातला एक चौकोन पहिल्यावर २.७ सेंटिमीटर उंच, दुसऱ्यावर ०.४. रुंदी दोन्हीकडे सारखीच, एक सेंटिमीटर.

आता दुसऱ्या कागदावरच्या सगळ्या उंच्या दुप्पट करून तिसरा काढा. गॉल-पीटर्स तयार. जेम्स गॉल याने तो १८५५ मध्येच मांडला होता. १९७३ मध्ये आर्नो पीटर्स याने पत्रकार परिषद घेऊन तो नव्याने गाजवला. क्षेत्रफळं चोख, आकारांची मात्र दैना. विषुववृत्ताजवळ सगळं उभं दुप्पट ताणलेलं. या नकाशावर बेळगावभोवती एखादं गोल रिंगण काढायचं तर ते रुंदीच्या १.८५ पट उंच असं लांबट होईल. आफ्रिका वाळत घातलेल्या कपड्यासारखी लोंबते. एका अन्यायाची भरपाई दुसऱ्या विद्रूपाने करावी असं मला वाटत नाही, पण भिंतीवर मर्केटरच्या शेजारी तो जरूर लावावा.

कडा बघायला विसरू नका

महाराष्ट्राच्या नकाशात चंदगड संपलं की पुढे कोरा कागद. कर्नाटकाच्या नकाशात निपाणी वरच्या कोपऱ्यात चौकटीला चिकटलेली. कडेवर राहणाऱ्यांना हे सांगायला लागत नाही: नकाशाची कड ही काढणाऱ्याच्या सोयीची जागा असते.

जगाच्या नकाशात ती कड बहुधा पॅसिफिकमध्ये पडते. रशिया एका टोकाला, अलास्का दुसऱ्या टोकाला, मध्ये अख्खं जग. आणि प्रत्यक्षात बेरिंगची सामुद्रधुनी अरुंद जागी सुमारे ८५ किलोमीटर. बेळगाव-धारवाडपेक्षा जराशी जास्त. नकाशाची झेरॉक्स काढा, ती नळकांडीसारखी गुंडाळून दोन्ही कडा चिकटवा. पाच मिनिटांचं काम आहे आणि पोरांना सगळ्यात जास्त हेच आठवतं.

विकत घेताना

खंड आणि देश शिकवायचे असतील तर कमानीसारख्या रेखावृत्तांचा नकाशा घ्या. विंकेल ट्रिपेल १९२१ चा, रॉबिन्सन १९६३ चा. नॅशनल जिओग्राफिक सोसायटीने १९८८ मध्ये रॉबिन्सन आणि १९९८ मध्ये विंकेल ट्रिपेल स्वीकारला. दोन्ही थोडं क्षेत्रफळ सोडतात, थोडा आकार सोडतात, पण डोळ्याला फार फसवत नाहीत. लोकसंख्या, पाऊस, जंगल किंवा पिकं अशी पसरलेली गोष्ट रंगवून दाखवायची असेल तर मात्र समक्षेत्रच हवा, नाहीतर सैबेरियाचा रंग सगळं खाऊन टाकतो. २०१८ चा इक्वल अर्थ यासाठी मला सगळ्यात आवडतो. क्षेत्रफळ चोख आणि आफ्रिकाही लोंबत नाही. २०२५ मध्ये आफ्रिकी संघानेही मर्केटरऐवजी तो वापरण्याच्या मोहिमेला पाठिंबा दिला.

दुकानात गेल्यावर प्रक्षेपणाचं नाव विचारण्यात अर्थ नाही. मी एकदा विचारलं, तर समोरून उत्तर आलं, "लॅमिनेशनचा देऊ की साधा, सर?" त्यापेक्षा खिशात छोटी पट्टी ठेवा, नकाशा काउंटरवर उलगडायला सांगा आणि ती दोन मापं घ्या. ६० ते ७५ चं अंतर खालच्याच्या पावणेतीन पट भरलं तर गुंडाळून परत द्या. आणि शाळेत आधीपासून टांगलेला असेल तर काढून टाकू नका. आइसलँडच्या शेजारी स्केचपेनने '×०.१८' लिहून ठेवा, कर्नाटकाशेजारी '×०.९३'. आमच्या वर्गात तसं लिहिल्यावर त्याच मुलाने ग्रीनलँडवर ८० अंशाच्या रेषेजवळ स्वतःहून '×०.०३' लिहिलं, आणि ते बरोबर होतं.